श्रद्धांजलीसाठी रोज एक गोळी

सावळीराम गांगुर्डेने वयाच्या बासष्टाव्या वर्षी तंबाखू सोडली, पापड-लोणचं सोडलं, आणि जेलरोडवरच्या घरापासून दसकच्या घाटापर्यंत रोज सकाळी चालायला सुरुवात केली. हे सगळं त्याने एका माणसाच्या दहाव्याला भाषण करता यावं म्हणून केलं. तो माणूस तेव्हा जिवंत होता आणि बऱ्यापैकी धडधाकट होता.

त्या माणसाचं नाव शेखर बोराडे. सिन्नरच्या रस्त्यावरच्या एका कागद कारखान्यात बोराडे देखभाल विभागाचा साहेब होता आणि सावळीराम बॉयलर चालवायचा. कारखाना पुढे बंद पडला, शेडचे पत्रेसुद्धा विकले गेले. हे दोघं मात्र निवृत्तीनंतर नाशिकरोडलाच राहिले, एकमेकांपासून दीड किलोमीटरवर.

दहाव्याच्या भाषणाची रीत ज्याला माहीत नाही त्याला हे चमत्कारिक वाटेल. नाशिकच्या आसपासच्या गावांत दशक्रिया म्हणजे नुसते पिंड नव्हेत. नदीकाठी मांडव पडतो, महाराजांचं प्रवचन होतं आणि मग माइकवरून एकेकाला श्रद्धांजलीसाठी बोलावतात. सोसायटीचा चेअरमन बोलतो, माजी सरपंच बोलतो, शाळेतला मित्र बोलतो. चिठ्ठी पाठवली की नाव पुकारलं जातं. कुणाला नाही म्हणायचं नाही, आणि बोलणाऱ्याला मध्येच तोडायचं नाही. मयताच्या फोटोसमोर कुणी हुज्जत घालत नाही. चार-पाचशे माणसं मांडी घालून ऐकत असतात आणि तिथे जे बोललं जातं, ते गावात कायमचं राहतं.

सावळीरामला हे चांगलं ठाऊक होतं, कारण २०१० साली दारणा नदीच्या घाटावर अशाच एका दहाव्याला तो तिसऱ्या रांगेत बसला होता.

तो दहावा लहानूचा होता. लहानू बॉयलरला कोळसा घालायचा. सावळीरामच्या पाळीतला, चेहेडीचा, बोलायला मोकळा. दोघांची घरं दिवाळीला एकमेकांकडे फराळाची ताटं पाठवायची.

बॉयलरच्या नळीला बाहेरून आग लागते आणि आतून पाणी वाहतं. पाणी जड असलं की त्यातले क्षार नळीच्या आतल्या अंगाला चिकटतात. घरात पाणी तापवायच्या रॉडवर जे पांढरं पुट चढतं, तेच. पुट जाड झालं की आगीची उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, नळीचं लोखंडच तापतं, मऊ पडतं, फुगतं आणि एक दिवस फाटतं. बाहेरून हात फिरवून काही कळत नाही. नळी कापून आत पाहिलं तरच कळतं.

पाणी मऊ करायचं यंत्र त्या वर्षी मार्चमध्ये बिघडलं. सावळीराम दर पाळीला पाण्याचा जडपणा तपासून लॉगबुकात लिहायचा. पाचच्या आत हवा तो चाळीस झाला, मग साठ, मग नव्वद. नव्वदच्या दिवशी त्याने खाली लाल शाईने लिहिलं, बॉयलर थंड करून नळ्या उघडा. बोराडे रविवारच्या सुट्टीत आला, टॉर्च मारून नळ्या बाहेरून पाहिल्या, हात फिरवला, ठणठणीत आहेत म्हणाला. ऑर्डर गेली की बघू. यंत्र बिघडल्यापासून सोळाव्या दिवशी नळी फाटली. वाफ भट्टीचं दार उघडून बाहेर आली तेव्हा लहानू दारासमोर होता. तो तीन दिवस जगला.

कंपनीच्या चौकशीत जुनं लॉगबुक आलंच नाही. ते वाफेत भिजून खराब झालं म्हणून नव्या वहीत उतरवून घेतलं, असं बोराडेने सांगितलं. नव्या वहीत दर पाळीचा जडपणा पाच होता. पंधरा दिवस, तीन पाळ्या, सगळे पाच एकाच पेनाने काढलेले. फाटलेली नळी त्याच संध्याकाळी भंगारात गेली होती. निष्कर्ष असा निघाला, की बॉयलर चालवणाऱ्याला डुलकी लागली, पाण्याची पातळी उतरली आणि नळी जळाली. सावळीरामकडे एक खिशातली डायरी होती, खताच्या दुकानाने फुकट दिलेली, आणि तिच्यात खरे आकडे तारीखवार लिहिलेले होते. खासगी वही धरता येत नाही, असं त्याला सांगण्यात आलं. त्याला बॉयलरवरून काढून कोळशाच्या यार्डात टाकलं. निवृत्तीपर्यंतची नऊ वर्षं त्याने तिथे काढली.

पण त्याला लागलं ते हे नव्हे. कंपनी म्हणजे कंपनी, तिच्याकडून त्याची अपेक्षा नव्हती. त्याला लागलं ते दहाव्याला. बोराडे माइकवर आला, लहानूच्या कामाचं कौतुक केलं, रुमालाने चष्मा पुसला आणि म्हणाला, “एका माणसाच्या पाच मिनिटांच्या झोपेने आपला लहानू गेला. मी नाव घेणार नाही. तो इथेच बसलाय.”

चारशे मुंड्या वळल्या. बायकांच्या बाजूला लहानूची बायको भिमाबाई बसली होती, तिनेही पाहिलं. सावळीरामला उठून बोलता आलं नाही, कारण तिथे मध्येच बोलत नाहीत. भिमाबाईने त्यानंतर त्याच्या घरचं पाणी घेतलं नाही. बाजारात मालनबाई, म्हणजे सावळीरामची बायको, समोर आली तर ती पिशवी या हातातून त्या हातात घेऊन तोंड फिरवायची.

त्या दिवशी घरी आल्यावर सावळीरामने डायरीच्या शेवटच्या पानावर एकच ओळ लिहिली. ह्याच्या दहाव्याला मी बोलणार.

कोळशाच्या यार्डात एकट्याने भाषण घडवायला भरपूर वेळ असतो. पहिल्या वर्षी ते चाळीस मिनिटांचं होतं. मग दर वर्षी काही ना काही गळत गेलं. आधी शिव्या गेल्या, मग देवाचं नाव गेलं, मग स्वतःच्या नऊ वर्षांचं रडगाणं गेलं. शेवटी चार मिनिटांचं राहिलं. तारखा, आकडे, लाल शाईची ओळ, आणि शेवटी घाटावरच्या सगळ्यांना एक प्रश्न की जुनं लॉगबुक कुणी पाहिलं का. ते त्याला इतकं पाठ होतं, की मालनबाई म्हणायची, झोपेत कूस बदलता तेव्हा तारीख सांगता.

या योजनेत एकच कच्चा दुवा होता. बोराडेने आधी मरायला हवं होतं.

२०२३च्या दिवाळीआधी सावळीराम मोतिबिंदूच्या शिबिराला गेला. तिथे त्याचं ब्लड प्रेशर मोजलं आणि शस्त्रक्रिया न करताच परत पाठवलं. एकशे शहाण्णव, एकशे दहा. त्याला काहीच होत नव्हतं, ना डोकं दुखत होतं, ना चक्कर. यंत्र खराब असेल म्हणाला. मालनबाईने त्याला डॉक्टर तेजस्विनी यांच्या दवाखान्यात नेलं. तिथलं यंत्रही तेच म्हणालं.

डॉक्टरीण तिशीतली होती. तिने लघवी तपासायला दिली, मग दिव्याने त्याच्या चांगल्या डोळ्यात बराच वेळ पाहिलं. तिने सांगितलं, की लघवीतून प्रथिनं जात आहेत आणि डोळ्याच्या मागच्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या आहेत. म्हणजे हे प्रेशर आजचं नाही, दहा वर्षांचं तरी असेल. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावलं आहे.

अस्तर म्हटल्यावर सावळीराम खुर्चीत पुढे सरकला. मी बॉयलरवर होतो, म्हणाला. नळीला आतून पुट चढलंय, असंच ना? मग ॲसिड फिरवून साफ होईल का? बॉयलरला करतात.

“लोखंडाची नळी मेलेली असते काका,” डॉक्टरीण म्हणाली. “ही जिवंत आहे.”

मग तिने कागदावर वर्तुळ काढून समजावलं. आतलं अस्तर एका पेशीच्या जाडीचं असतं, कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ. पण ते नुसतं अस्तर नव्हे, ते काम करतं. ते एक वायू सोडतं आणि त्या वायूचा सांगावा मिळाला की भोवतालचा स्नायू सैल होतो, रक्तवाहिनी रुंदावते. रक्त जोराने आदळत राहिलं की अस्तर दुखावतं. दुखावलेलं अस्तर वायू कमी सोडतं. मग नळी आवळलेलीच राहते, म्हणून रक्ताचा जोर आणखी चढतो, आणि तो अस्तराला आणखी दुखावतो. तंबाखू, मीठ, साखर यांनी त्यात भरच पडते.

“म्हणजे आधी प्रेशर का आधी अस्तर?”

“कधी हे, कधी ते. एकदा सुरू झालं की दोघं एकमेकांना खाऊ घालतात.”

“आणि बाहेरून कळत नाही.”

“नाही. म्हणून तर डोळ्यात बघितलं. शरीरातली रक्तवाहिनी न कापता उघडी दिसते ती तिथेच.”

लहानू गेला त्याला तेरा वर्षं झाली होती आणि नळी आतून बघणारा माणूस सावळीरामला पहिल्यांदा भेटला होता. त्याने विचारलं, की किती वर्षं मिळतील. ती म्हणाली, गोळी रोज घेतलीत तर पुष्कळ. अस्तर जिवंत असतं म्हणून सुधारतंही, पण गोळी चालू ठेवावी लागेल. सावळीराम म्हणाला, पुष्कळ नकोत, एका माणसाहून जास्त हवीत. त्याचं वय सहासष्ट.

डॉक्टरणीला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. “त्यांचं प्रेशर किती आहे?” तिने विचारलं.

याचं उत्तर त्याला तीन आठवड्यांनी मिळालं. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत पायल नावाची नर्स सगळ्यांचं प्रेशर मोजून आकडा मोठ्याने बोलायची आणि चिठ्ठीवर लिहायची. सावळीराम बाकावर बसला होता. दार ढकलून बोराडे आत आला. पोट सुटलेलं, केस रंगवलेले, शर्टाच्या खिशात सिगारेटचं पाकीट. त्याने सावळीरामला ओळखलं आणि हसला.

“काय गांगुर्डे, तुलाही प्रेशर? तुला तर प्रेशर सांभाळता येत नव्हतं ना?”

बाकावरची दोन माणसं उगाचच हसली. सावळीरामही हसला. तेवढ्यात पायलने बोराडेच्या दंडाला पट्टा बांधून फुगा दाबला आणि म्हणाली, एकशे नव्वद, एकशे आठ. गोळी घेता का काका?

“डोकं दुखलं की घेतो,” बोराडे म्हणाला.

सावळीराम त्या दिवशी घरी आला, तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी कचऱ्यात टाकली, आणि मालनबाईला सांगितलं की आजपासून भाजीत मीठ निम्मं. मालनबाईने कारण विचारलं तेव्हा त्याने खरं ते सांगितलं. ती थोडा वेळ तांदूळ निवडत राहिली.

“तीस वर्षं मी पदर पसरला तंबाखूसाठी,” ती म्हणाली. “माझ्यापायी नाय सुटली. त्या मेल्याच्या मरणासाठी सुटली.”

सावळीरामने प्रेशरचं यंत्र आणलं आणि एक जाड वही केली. रोज सकाळी सहाला, चालून आल्यावर पाच मिनिटं पाठ टेकून, उजव्या हाताचा आकडा. वहीत रकाने बॉयलरच्या लॉगबुकासारखेच आखले होते, फक्त पाणी आणि वाफेच्या जागी वरचा आणि खालचा. एकशे नव्वद, एकशे सत्तर, एकशे बावन्न. आकडा उतरू लागला तसा तो सकाळी दुसरी फेरी काढून नाक्यावरच्या मिसळीच्या गाडीवरून जाऊ लागला, कारण बोराडे रोज आठला तिथे यायचा. मिसळ, वर फरसाण, दोन पाव, मग चहा, मग सिगारेट. सावळीराम लांबून पाहायचा आणि मनात अस्तर आठवायचा. एका पेशीच्या जाडीचं.

नंतर तो लांबून पाहीनासा झाला. शेजारी जाऊन बसू लागला. दोन-तीनदा त्यानेच चहा-सिगारेट सांगितली, घ्या साहेब, आज माझ्याकडून. बोराडेला यात काही वावगं वाटलं नाही. जुने कामगार असेच असतात, राग धरत नाहीत, असं तो गाडीवाल्याला म्हणाल्याचं सावळीरामने ऐकलं.

ऑगस्टमध्ये एकदा बोराडेने आपणहून विषय काढला. डॉक्टरीण म्हणते रोज घे. एकदा रोज सुरू केली की जन्माची लागते म्हणे. मानेमागे कधीकधी जड वाटतं. तू घेतोस का रोज?

सावळीरामच्या वहीत तोवर दोनशे सत्तरच्या वर सकाळी नोंदल्या होत्या आणि एकही गोळी चुकली नव्हती.

“मी? छे,” तो म्हणाला. “डोकं दुखलं तरच.”

बोराडेने समाधानाने मान डोलावली आणि सिगारेट पेटवली. घरी जाऊन सावळीराम नेहमीपेक्षा दोन घास जास्त जेवला. मालनबाईला त्याने हे सांगितलं नाही.

चार महिन्यांनी ते खोटं खरं झालं, आणि त्याला कारण बोराडे नव्हता. कारण बॉयलर होता. आकडा एकशे चोवीस, अठ्ठ्याहत्तरवर येऊन बसला आणि आठ आठवडे तिथून हलला नाही. बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह प्रेशर चढल्यावर उडतो आणि प्रेशर जागेवर आलं की आपोआप बसतो. जागेवर आलेल्या प्रेशरवर व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवणारा माणूस सावळीरामने तीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता. डॉक्टरीण जन्मभर म्हणाली होती, पण तिने बॉयलर चालवला नव्हता. अस्तर दुरुस्त झालं असणार. दुरुस्तीचं काम संपलं की त्यासाठी घेतलेला शटडाऊन उठवायचा. डिसेंबरच्या पहिल्या तारखेला त्याने गोळी बंद केली आणि वहीत तशी नोंद केली.

पहिले आठ दिवस आकडा हलला नाही, त्यामुळे तो स्वतःवर खूश होता. मग एकशे चाळीस आला. त्याने यंत्राचे सेल बदलले. एकशे छप्पन आला, तर दहा मिनिटं पडून राहून पुन्हा मोजलं. जानेवारीत तो एका सकाळी पाच-पाच वेळा मोजायचा आणि सगळ्यांत खालचा आकडा वहीत लिहायचा. वही त्यामुळे छान दिसत होती. एकशे तीस, एकशे बत्तीस, एकशे तीस.

फेब्रुवारीत एका सकाळी चहाची बशी त्याच्या हातातून सुटली. मालनबाई काय झालं म्हणाली आणि त्याने उत्तर दिलं, पण जे बाहेर आलं ते उत्तर नव्हतं. ओठाची उजवी कड खाली उतरली होती. तिने वेळ घालवला नाही. शेजारच्याची रिक्षा केली आणि अर्ध्या तासात त्याला दवाखान्यात पोचवलं. मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी बंद झाली होती, अगदी केसाएवढी. हात आठ दिवसांत ठीक झाला, पाय तर अधू झालाच नव्हता, सगळं समजत होतं, सगळं आठवत होतं. जीभ मात्र वळेना. शब्द डोक्यात सरळ असायचा आणि तोंडातून लोळागोळा होऊन पडायचा.

डॉक्टर तेजस्विनी भेटायला आली, वही पाहायला मागितली, आणि पानं उलटताना तिला काही कळेना. गोळी बंद केल्याची नोंद होती, पण जानेवारीपासूनचे आकडे तर चांगले होते. मालनबाईला कळत होतं. ती रोज सकाळी पाच वेळा फुगा फुगताना ऐकत होती. डॉक्टरीण गेल्यावर तिने वही नवऱ्याच्या छातीवर ठेवली.

“साहेबांनी लिवलं पाच,” ती म्हणाली. “तुम्ही लिवलं एकशे तीस. पेन बी एकच हाय.”

सावळीरामने तोंड भिंतीकडे केलं.

आणि मग, एकोणिसाव्या दिवशी, बोराडे मेला. सकाळी न्हाणीत पडला तो उठला नाही. बातमी मिसळवाल्याने आणली. सावळीराम पलंगावर उठून बसला. पंधरा वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली, तो दिवस आला होता, ठरल्या क्रमाने आला होता, आणि त्याच्या तोंडात चार मिनिटं तर सोडाच, चार शब्द नव्हते.

त्या दहा दिवसांत तो खोलीचं दार लावून घेऊन बोलत राहिला. मालनबाईला बाहेर गुरगुरल्यासारखं ऐकू यायचं. नवव्या दिवशी ती आत आली आणि म्हणाली, की डायरी द्या, मी वाचते. सातवीपर्यंत शिकलेय. बाई माइकवर बोलली तर आभाळ कोसळत नाय.

त्याने मान हलवली. डायरीच्या एका कोऱ्या पानावर त्याने लिहिलं, की कागदावर एकदा लिहून झालंय, कागदाचं काय होतं ते पाहिलंय. तोंडाने गेलं ते तोंडानेच आलं पाहिजे.

दहावा दारणेच्या त्याच घाटावर होता. मांडव मोठा होता, बोराडेच्या फोटोला झेंडूचा हार होता, आणि माणूस सहाशेच्या खाली नव्हता. प्रवचन संपलं. माइक राजू सरांच्या हातात आला; शाळेत शिक्षक असलेले राजू सर पंचक्रोशीतल्या सगळ्या दहाव्यांचं सूत्रसंचालन करतात. सावळीरामने चिठ्ठी पाठवली होती. पाच जण बोलले. मग राजू सरांनी पुकारलं, की साहेबांचे जुने सहकारी, स्वतःची प्रकृती बरी नसताना इथवर आले आहेत, श्री. सावळीराम गांगुर्डे.

तो चालत गेला. माइक दोन्ही हातांनी धरला. समोर पहिल्या रांगेत बोराडेचा मुलगा महेश होता, मुंडण केलेला. बायकांच्या बाजूला भिमाबाई होती, केस पांढरे झालेली. सावळीरामने सुरुवात केली. तारीख डोक्यात स्वच्छ होती. तोंडातून आला तो एक लांब, ओला आवाज. त्याने पुन्हा तारीख घेतली. पुन्हा तेच. लाळ हनुवटीवर आली. जडपणा, चाळीस, साठ, नव्वद, सगळे आकडे एकात एक मिसळून लाउडस्पीकरमधून नदीवर गेले. रागाने त्याचे डोळे भरले आणि वाहू लागले. त्याने फोटोकडे बोट केलं. एक शब्द मात्र नीट आला, आणि तो तीनदा आला. लहानू. लहानू. लहानू.

मग बायकांच्या बाजूला हुंदके सुरू झाले. मागच्या रांगेतला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, किती जीव होता बघा साहेबांवर. महेश उठला, येऊन त्याच्या गळ्यात पडला आणि त्याच्या खांद्यावर रडला. सावळीरामने त्याला ढकलायचा प्रयत्न केला, पण पोराची मिठी घट्ट होती आणि लांबून पाहणाऱ्याला तीही मायाच वाटली. राजू सरांनी माइक हळूच काढून घेतला. म्हणाले, काही नाती अशी असतात की तिथे शब्द अपुरे पडतात.

सावळीराम जागेवर येऊन बसला. कुणीतरी त्याला पाणी दिलं. कुणीतरी पाठीवरून हात फिरवला. पंधरा वर्षांपूर्वी याच घाटावर त्याला कुणी हात लावला नव्हता.

पंगत उठल्यावर महेश पुन्हा आला. म्हणाला, “काका, आज तुम्हाला बोलता आलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. वर्षश्राद्धाला मोठा कार्यक्रम ठेवणार आहे, महाराज आळंदीहून आणतोय. तोवर तुम्ही बरे व्हाल. तेव्हा पप्पांविषयी मन मोकळं करून बोला. पहिलं नाव तुमचं.”

सावळीरामने मान हलवली, होकारार्थी, दोनदा.

घाटाच्या पायऱ्यांवर भिमाबाईने मालनबाईला गाठलं. पिशवी तिने या हातातून त्या हातात घेतली, पण तोंड फिरवलं नाही.

“माझ्या माणसाचं नाव तीनदा घेतलं त्यांनी,” ती म्हणाली. “साहेबाच्या दहाव्याला माझ्या माणसाचं काय काम? काय सांगत होते?”

मालनबाईने नवऱ्याकडे पाहिलं. तो दोन पायऱ्या वर उभा होता आणि त्याने हाताने नाही अशी खूण केली, ठाम.

“त्यांनाच सांगू दे, वैनी,” मालनबाई म्हणाली. “वर्षश्राद्धाला या. पुढं बसा.”

आता सावळीरामच्या घरी सकाळी सहाला यंत्र एकदाच फुगतं. जो आकडा येतो तो मालनबाई लिहिते, आणि वही तिच्याच ट्रंकेत असते. गोळी ती समोर उभी राहून घ्यायला लावते, जीभ बाहेर काढून दाखवायला सांगते. डॉक्टरणीने सांगितलं आहे, की बंद झालेली वाट उघडणार नाही, पण मेंदू शेजारून वाट काढतो, जीभ शिकते. रोज अर्धा तास मोठ्याने बोलायचं. काय बोलायचं ते ठरलेलं असलं तर बरं, म्हणाली. पाठ असलेलं काहीतरी. स्तोत्र वगैरे.

सावळीराम नाश्ता झाल्यावर गच्चीवर जातो. मालनबाई खाली भाकरी थापता थापता ऐकते आणि चुकलं की खालून टोकते. जुलैत चाळीस सुटा आला. श्रावणात साठ आला. परवा त्याने दवाखान्यात डॉक्टरणीसमोर बसून तारीख सांगितली, जडपणा नव्वद सांगितला, लाल शाईची ओळ सांगितली, आणि तिला पहिल्या फटक्यात कळलं. तिने विचारलं, हे काय आहे? त्याने आपल्या प्रेशरचा आकडा विचारला. एकशे सव्वीस, ऐंशी.

‘लॉगबुक’ अजून नीट येत नाही. मार्चपर्यंत वेळ आहे.